लेक वन ते इन्सुला : मामांबरोबर पाणवाटेवर सहा दिवस

मार्ग ठरवताना

मामा जूनमध्ये मिनियापोलिसला येणार हे डिसेंबरातच पक्कं झालं होतं. फोनवर त्यांनी एकच मागणं मागितलं. "माका न्यूयॉर्क नको, नायगारा नको. तू थंय गरवूक जातस ना, थंय घेवन चल." गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठी मामांची सदुसष्ट वर्षं गेली. गळाला आमिष कसं लावायचं, मासा ओढायला लागला की दोर कधी सैल सोडायचा, हे मी सात वर्षांची असताना त्यांच्याकडूनच शिकले. खाडीतल्या तांबोशीच्या त्यांच्या जागा त्यांनी मला सोडून कुणालाही दाखवलेल्या नाहीत. सख्ख्या भावालाही नाहीत. त्यामुळे त्यांना कुठे न्यायचं, हा माझ्यासाठी साधा प्रश्न नव्हता.

मी जाते ती जागा म्हणजे बाउंड्री वॉटर्स. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून पसरलेलं दहा लाख एकरांहून मोठं रान आणि त्यात हजारावर तळी. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने आणि मग १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने ते राखलेलं आहे. आत रस्ते नाहीत आणि बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर सामान पाठीवर आणि कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी निमुळती होडी, खांद्यावर घेऊन जंगलातल्या पायवाटेने चालायचं. या वाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. ३२० रॉडचा एक मैल.

तीन वर्षांपूर्वी मी इथे गोल फेरी केली होती. एका टोकाने आत शिरायचं आणि दुसऱ्याच टोकाने बाहेर पडायचं. नकाशावर ती फेरी इतकी देखणी दिसत होती की मी दुसरा विचारच केला नाही. प्रत्यक्षात रोज तळ मोडा, वल्हवा, सामान वाहा, संध्याकाळी नवी जागा शोधा, यातच दिवस संपायचा. चार दिवसांत मी गळ टाकला असेल जेमतेम दोन तास. मासेमारीसाठी मार्ग निवडताना मैल मोजायचे नाहीत, दोर पाण्यात किती तास राहील ते मोजायचं, हे मला तेव्हा कळलं. या वेळी पेन्सिल हातात घेतली ती हे धरूनच.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी परवान्यांची नोंदणी उघडते, तोवर प्रवेशद्वार ठरवावं लागतं. परवाना बांधतो तो फक्त प्रवेशाच्या जागेला आणि तारखेला. एकदा आत गेलं की कुठल्याही तळ्यावर जा, कुठल्याही मोकळ्या कॅम्पसाइटवर राहा. म्हणून मार्ग निवडणं म्हणजे खरं तर दार निवडणं. पुढचं आत गेल्यावर, आभाळ बघून ठरवता येतं. नव्या माणसाला हे लवकर पटत नाही. तो घरी बसूनच प्रत्येक रात्रीच्या जागेवर फुल्या मारून ठेवतो.

मन पहिल्यांदा गेलं गनफ्लिंट रस्त्याच्या टोकाकडे, सीगल आणि सॅगनागा तळ्यांकडे. मिनेसोटातला आजवरचा सगळ्यात मोठा वॉलआय (गोड्या पाण्यातला मासा) १९७९ मध्ये तिथल्याच सीगल नदीत मिळाला, १७ पाउंड ८ औंस. पण ही तळी मोठी आणि उघडी आहेत. वारा सुटला तर दोन दोन दिवस एका बेटावर अडकून पडायची वेळ येते. सहा दिवसांच्या सहलीत ही जोखीम मला नको होती. मूस लेकचं दार सोयीचं, पोर्टेजही छोटी, पण तिथून पहिली काही तळी मोटरबोटींची आहेत. मामांनी इतक्या लांब येऊन इंजिनाचा आवाज ऐकावा हे मनाला पटेना. सीमेपलीकडचं, कॅनडातलं क्वेटिको हे राखीव रान त्याहून एकाकी आणि सुंदर आहे, पण मामांकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता. शिवाय तिथे जिवंत आमिष चालत नाही आणि गळही बिनकाट्याचे लागतात.

राहिलं लेक वन. ईली या गावाहून फर्नबर्ग रस्त्याने गेलं की अर्ध्या-पाऊण तासात धक्का येतो. पुढे वन, टू, थ्री, फोर अशी आकड्यांचीच नावं असलेली तळी, मग हडसन आणि मग इन्सुला. ही सगळी माळ कविशिवे नदीने ओवलेली आहे. पोर्टेज मोजली : वन आणि टूच्या मध्ये दोन, साधारण ३० आणि ४० रॉडची. टू ते थ्री आणि थ्री ते फोर थेट पाण्यानेच. फोर ते हडसन तीन अगदी छोटी. शेवटी हडसन ते इन्सुला एक मोठं, सुमारे १०५ रॉडचं. आणि महत्त्वाचं म्हणजे कुठेही थांबलं तरी तिथे मासा आहे. इन्सुलापर्यंत पोचलो नाही तरी सहल फुकट जाणार नव्हती.

मामांना व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवला. त्यांनी तळ्यांची नावं विचारली नाहीत, मासे विचारले नाहीत.

"वारो खंयसून येता?"

"बहुतेक पश्चिमेकडून."

"मगे जाताना वारो पाठीर, येताना तोंडार. परतीचो दिवस मोठो धर."

मी परतीला एक दिवस वाढवला.

दिवस पहिला : ईली ते लेक टू

आदल्या रात्री ईलीत मुक्काम केला. सकाळी परवाना घेतला, त्याआधी नियमांचे व्हिडिओ पाहिले. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, म्हणून कोकमाचं आगळ घरूनच प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणलं होतं. मामांसाठी राज्याबाहेरच्या माणसाचा मासेमारी परवाना काढला. मग आमिषाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने डब्याचं झाकण उघडलं तर आत वळवळणाऱ्या काळ्या जळवा. मामा दोन पावलं मागे सरले आणि मग वाकून नीट बघत राहिले. आमच्याकडे जळू भाताच्या शेतात पायाला लागते. ती गळाला लावतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. वॉलआयसाठी जूनमध्ये याहून चांगलं आमिष नाही.

कनू भाड्याची, केवलार नावाच्या हलक्या कृत्रिम धाग्याची, ४२ पाउंड म्हणजे १९ किलोची. ॲल्युमिनियमची जवळजवळ बारा किलोंनी जड पडते. हा फरक पाण्यात जाणवत नाही, खांद्यावर जाणवतो. मार्ग ठरवताना हे वजनही हिशेबात घ्यावं लागतं. जड कनू घेऊन १०५ रॉडचं पोर्टेज मी एकटीने केलं नसतं, मग इन्सुला नकाशातूनच गेलं असतं.

नऊला पाण्यात उतरलो. मामा पुढे नाळेवर, मी मागे. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की वल्हं कसं मारायचं हे त्यांना सांगायची गरज नाही.

चुकले ते मीच. लेक वनची रचना फसवी आहे. बेटं, भूशिरं, कोपरे सगळे एकसारखे दिसतात आणि आरंभीच एक वळण असं आहे की सरळ जावंसं वाटतं. गप्पांच्या नादात मी होकायंत्र बघितलं नाही. एका कोपऱ्यात शिरलो, तो पुढे बंद. तासभर गेला. मामा काही बोलले नाहीत. परत फिरताना मात्र त्यांनी नकाशाची पिशवी माझ्याकडून घेतली, स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवली आणि प्रत्येक बेट मागे पडलं की त्यावर बोट ठेवू लागले. शेवटच्या दिवसापर्यंत नकाशा तिथेच राहिला.

दोन पोर्टेज झाली. सामान दोन खेपांत न्यायचं म्हणजे वाट तीनदा चालावी लागते, दोनदा ओझं घेऊन आणि एकदा रिकाम्या हाताने. रॉड मोजताना हे तीनने गुणायला लोक विसरतात. लेक टूवर दुपारी तळ टाकला. संध्याकाळी उथळ खडकाळ काठाशी स्मॉलमाउथ बास मिळाले, तीन. जूनच्या मध्यात नर बास अंड्यांवर राखण करतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी तिन्ही मासे सोडून दिले आणि कनू त्या काठापासून लांब न्यायला सांगितली.

दिवस दुसरा : हडसन

इथे थोडं थांबून सांगते, कारण सहलीचं रूप या दिवशी ठरलं.

पहाटे साडेपाचला निघालो. लेक थ्री रुंद आहे आणि दहानंतर तिथे लाटा उठतात. आठच्या आत ते ओलांडलं. दोन्ही काठांवर एकसारखं, दाट, कोवळं जंगल होतं आणि त्यातून जुन्या झाडांचे राखाडी सुळके वर आलेले. १८ ऑगस्ट २०११ ला पगामी क्रीकजवळ वीज पडून आग लागली. काही आठवडे ती सावकाश धुमसली आणि १२ सप्टेंबरला वाऱ्याने एका दिवसात मैलोगणती धावली. शेवटी ९२ हजारांवर एकर जळालं. आता उभं आहे ते बहुतेक जॅक पाइन. या झाडाच्या पुष्कळ शंकूंची तोंडं राळेने बंद असतात, ती आगीच्या धगीने उघडतात आणि बी खाली पडतं. मी पहिल्यांदा आले तेव्हा ही झाडं माझ्या खांद्याला लागत होती. आता वर बघावं लागतं.

मार्ग निवडणाऱ्याला याचा व्यावहारिक अर्थही कळायला हवा. जळलेल्या भागातल्या कॅम्पसाइटवर सावली कमी, वाऱ्याला आडोसा कमी, आणि अस्वलापासून अन्न वर टांगायला धड फांदी नाही. म्हणून अस्वलाला न उघडणारं पिंप सोबत होतं.

फोर आणि हडसनमधली तीन पोर्टेज नदीच्या खळाळांना वळसा घालून जातात. तिसऱ्या वाटेवर मी कनू खाली ठेवली तर मामा मागे नव्हते. मी परत गेले. ते खळाळाच्या पायथ्याशी एका दगडावर उभे होते. तिथे पांढरं पाणी शांत पाण्यात मिसळत होतं आणि मधोमध फेसाची रेघ होती.

"पाणी वाजता थंय मासो ऱ्हवता," ते म्हणाले. "हंयच बसूया."

माझा बेत त्या दिवशी इन्सुला गाठायचा होता. दुपारपर्यंत सहज पोचलो असतो. पण अंडी घालून झाल्यावर वॉलआय काही आठवडे वाहत्या पाण्याच्या तोंडाशी रेंगाळतात, हे मी वाचलं होतं, आणि मामांनी ते न वाचता ओळखलं होतं. मी बेत बदलला. हडसनवर जवळची रिकामी कॅम्पसाइट मिळाली. तंबू लावला, भात शिजवून खाल्ला, दुपारी झोप काढली.

संध्याकाळी सातला खळाळाशी गेलो. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो. म्हणून तो अंधुक उजेडात बघू शकतो आणि भर उन्हात खोल जाऊन बसतो. जूनमध्ये इथे नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे खरी वेळ ती शेवटच्या दोन तासांची. छोट्या शिसाच्या गोळीला जळू लावून मामांनी दोर फेसाच्या रेघेच्या कडेला सोडला. त्यांना रीळ वापरायची सवय नाही. दोर ते बोटातच धरत होते, खाडीत धरतात तसा. पहिला मासा त्यांनी बोटाने ओळखला, मला काठी हललेलीही दिसली नाही.

सोनेरी-हिरवट अंग, मोठा दुधी डोळा. मामांनी तो तळहातावर आडवा धरला आणि बराच वेळ बघत राहिले. त्या रात्री आम्ही सात धरले, दोन ठेवले. दोघांच्या जेवणाला तेवढे पुरे. मामांनी ते कापले, पोटातलं सगळं तळापासून आणि पाण्यापासून लांब नेऊन पुरलं. मालवणी मसाला, आगळ, वर रवा. चुलीच्या जाळीवर तवा. गोड्या पाण्याचा मासा मामांनी आयुष्यात आवडीने खाल्लेला नाही. पहिला घास घेऊन ते गप्प झाले.

"मुडदुशीसारखो लागता," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी गोड्या पाण्याच्या माशाबद्दल ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

दिवस तिसरा : इन्सुला, रिकाम्या पाठीने

सकाळी प्रश्न आला : तळ उचलून इन्सुलाला जायचं की नाही? १०५ रॉड म्हणजे सव्वापाचशे मीटर, तीनदा चाललं की दीड किलोमीटरहून जास्त. मामांचा उजवा गुडघा दुखत होता, त्यांनी तो सांगितला नाही, मी बघितला. मग तंबू इथेच ठेवला. कनू, दोन काठ्या, जेवण आणि रेनकोट एवढंच घेतलं. एकाच खेपेत पार. स्थिर तळ ठेवून रोज एका दिशेला हलकं जायचं, ही पद्धत मी आता कुणालाही आधी सुचवेन.

इन्सुला हे तळं कमी आणि बेटांचा गुंता जास्त. काठ कुठे संपला आणि बेट कुठे सुरू झालं हे पाण्यावरून कळत नाही. मामा नकाशावर बोट ठेवूनच होते. एका खडकाळ टोकाच्या ज्या बाजूला वारा आदळत होता तिथे त्यांनी थांबायला सांगितलं. मला आडोशाला जायचं होतं. पण लाटांनी पाणी गढूळलं की उजेड कमी आत जातो आणि मासा दिवसाही वर येतो. हा वारा वल्हवणाऱ्याला नको असतो, गरवणाऱ्याला हवा असतो. दोघांचं एकमत होईल अशी जागा शोधायला आम्हाला अर्धा तास लागला : टोकाच्या जरा मागे, जिथून दोर लाटांत टाकता येईल आणि कनू लाटांत नसेल.

चार वॉलआय. मग मामांच्या दोराला असा हिसका बसला की कनूच फिरली. नॉर्दर्न पाइक. तो दोनदा कनूखालून गेला, एकदा वर आला, लांबलचक, तोंड बदकासारखं, आणि दातांनी दोर कापून गेला. पोलादी तार लावायला मीच विसरले होते. मामांनी तुटका दोर गुंडाळून घेतला. "मोठो होतो," एवढंच म्हणाले, आणि दिवसभर मधूनमधून परत म्हणत राहिले.

दिवस चौथा

वादळ. पहाटेपासून विजा आणि पाऊस. पाण्यावर जायचा प्रश्नच नव्हता. चहा, उकड्या तांदळाची पेज, पत्ते. दुपारी पाऊस थांबला तरी वारा राहिला. संध्याकाळी तासभर खळाळाशी गेलो, एक मासा, तोच जेवणात. रात्री लून पक्ष्याची लांब, कापरी हाक पाण्यावरून येत होती आणि दुसऱ्या टोकाहून तिला उत्तर मिळत होतं. मामा तंबूच्या दारात बसून ऐकत होते. मामी गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांच्याबद्दल ते त्या रात्री पहिल्यांदा बोलले. ते इथे लिहीत नाही.

दिवस पाचवा आणि सहावा : परत

नकाशावर इन्सुलाच्या पुढे ॲलिस आहे, मग थॉमस, आयमा, आणि फिरून स्नोबँक. तीच माझी जुनी गोल फेरी. मामांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "हंयसून गेलं तर?" मी पोर्टेजचे रॉड वाचून दाखवले. त्यांनी बोट उचललं.

मामांनी डिसेंबरात सांगितलं होतं तसाच परतीला वारा तोंडावर आला. पाचव्या दिवशी लेक थ्रीवर सकाळी नऊलाच पांढऱ्या लाटा होत्या. काठाकाठाने, बेटाआडून बेटाआड, असं करत जे अंतर येताना तासाभरात कापलं त्याला तीन तास लागले. वाढवलेला दिवस नसता तर आम्ही मधून, उघड्या पाण्यातून जायचा मोह केला असता. थकून लेक टूवर थांबलो आणि त्या दिवशी गळ काढलाच नाही.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला निघालो. पाणी काचेसारखं होतं. साडेआठला धक्क्याला लागलो आणि कनू गाडीवर बांधेपर्यंत झाडांचे शेंडे हलायला लागले.

धक्क्यावर एक कुटुंब आत निघालं होतं. आई-वडील आणि दोन मुलं, धाकटी सहा-सात वर्षांची असेल, तिच्या लाइफ जॅकेटच्या खिशात एक छोटी रीळ. वडिलांनी मला विचारलं, मासे कुठे आहेत? मी सगळे सांगतात तेच सांगायला लागले, टोकं बघा, संध्याकाळी जा. मामांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी मागून येऊन ओला नकाशा पिशवीतून काढला, गाडीच्या बॉनेटवर पसरला, त्या मुलीला जवळ बोलावलं आणि हडसनच्या अलीकडच्या तिसऱ्या पोर्टेजवर बोट ठेवलं. मग कानाला हात लावून दाखवला. तिला लगेच समजलं नाही.

"सांग तिका," मामा मला म्हणाले, "पाणी वाजता थंय."